सातवी पट्टी

नमिताने गणपतीचा उजवा डोळा आखला, ब्रश दातांत धरला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. निळी रेघ अर्ध्यावरच अडकली होती. एका जर्मन बाईच्या आवाजातलं एक वाक्य पेणमध्ये उतरायला अजून अकरा मिनिटं होती. तेवढ्यात या मूर्तीचा डावा डोळा झाला असता, आणि पुढच्या मूर्तीचे दोन्ही.

"वहिनी, इंटरनेटवर बसून गणपती रंगवणाऱ्या जगात तुम्ही एकट्याच असाल," हितेश म्हणाला.

"मग काय नुसती वाट बघू?"

"लोक बघतात."

"त्यांच्याकडं वेळ असंल."

हितेशचा कॉम्प्युटर क्लास बाजारात औषधांच्या दुकानाच्या वर होता. पाच कॉम्प्युटर, त्यातला एकच फोनच्या तारेला जोडलेला. दर मंगळवारी दुपारी दोन ते तीन तो नमिताचा. बदल्यात तिने क्लासची पाटी रंगवून दिली होती, आणि नवं शतक लागताना कॉम्प्युटर बंद पडणार नाहीत असं सांगणारा एक फलकही. त्या फलकावर खुद्द हितेशचा फारसा विश्वास नव्हता.

बाकाखाली सतरंजीवर तिची तीन वर्षांची लेक दिपिका झोपली होती. तिच्या उशाशी टोपलीत सात वीतभर गणपती होते, सगळे अजून आंधळे. हमरापूरला सासरच्या कारखान्यात माती मळण्यापासून सोनेरी लावण्यापर्यंत सगळ्यांचे हात चालत, पण आखणी, म्हणजे डोळे, एकट्या नमिताकडे. बुबुळाचा शेवटचा काळा ठिपका ठेवला की ती दोन पावलं मागे सरायची. मूर्ती आपल्याकडे बघायला लागली, तरच पुढची हातात घ्यायची. इथे मागे सरायला जागा नव्हती. ती खुर्ची मागे ढकलून बघत होती.

निळी रेघ भरली. बाई बोलली, "इश वार्टे आउफ देन बुस."

"मी बसची वाट बघते," नमिता पुटपुटली आणि वहीत लिहून घेतलं. "आता चौदाव्या धड्यातलं पहिलं वाक्य लावा."

हितेशने डोक्याला हात लावला. "अहो, हा नववा आहे! नवव्यातली अजून अकरा वाक्यं राहिलीत. एक धडा पुरा करायचा, मग दुसरा. शाळेत काय केलंत तुम्ही?"

"शाळेत नाय, कारखान्यात शिकले मी. पन्नास मूर्त्या मांडल्या की आधी पन्नासांना पिवळं. मग पन्नासांना लाल. एकच मूर्ती पुरी करत बसलं तर चतुर्थी निघून जाईल."

"भाषा काय मूर्ती आहे?"

"माझ्यासाठी हाय. आधी सगळ्या धड्यांना एक हात मारते. डोळे नंतर."

हितेशने चौदावा धडा लावला. फोन तुटला. पुन्हा लावला. तोवर नमिताने आणखी एका गणपतीचे डोळे उघडले होते.

हे सगळं सुरू झालं होतं सुजयच्या हातामुळे.

तिचा नवरा सुजय रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता, कंत्राटावर. त्याच्या मशीनला सगळे हंडा म्हणत. माणसापेक्षा उंच, हिरवं, बंद झाकणाचं धूड. आत वाफेवर पावडर शिजायची. हंडा जर्मनीचा, पण दोन कंपन्या फिरून इथे आलेला. त्याच्याबरोबर कागद आलेच नव्हते. अंगावर ठोकलेल्या पितळी पट्ट्यांवर जे काही लिहिलं होतं ते जर्मनमध्ये, आणि ते वाचणारं कोणी नव्हतं. कुठलं चाक कधी फिरवायचं हे जुना माणूस नव्याला दाखवायचा आणि नवा जुना झाला की पुढच्याला.

होळीच्या आठवड्यात सुजयने वाफ बंद करून झाकण उघडलं आणि आतून वाफेचा लोट त्याच्या उजव्या हातावर आला. मनगटापासून कोपरापर्यंत. त्याच्याआधी दोघांना असंच झालं होतं. दीड महिन्याने तो कामावर गेला तेव्हा टेबलावर मेमो होता. निष्काळजीपणा. पुन्हा घडल्यास कामावरून कमी.

"वाफ बंद केली होती तुम्ही?" नमिताने त्या दिवशी विचारलं होतं.

"दिपिकाची शपथ."

"मग आत कशी राहिली?"

"ठावं असतं तर हात भाजला असता?" मग जरा वेळाने तो म्हणाला, "काटा पण बिघडलेला हाय. वाफ बंद केली तरी शून्यावर येतच नाय. जरा वर अडकूनच राहतो. पहिल्यापासनं. बहुतेक वेळा तसंच उघडतो, काय होत नाय."

त्याच्या नव्या कातडीला ती रोज खोबरेल लावायची. गुलाबी, पातळ, मुलाच्या टाळूसारखी. एकदा ती लावता लावता म्हणाली, "पट्ट्यांवर काय लिवलंय ते उतरून आणा. एका वेळी एक. मी वाचीन."

"जर्मन?"

"बारावीला इंग्रजीत पेणच्या कॉलेजात दुसरी होते मी. अक्षरं तर तीच."

बायजाबाईला, म्हणजे सासूला, हे पटायला वेळ लागला. "काय गो," ती कारखान्यात सगळ्यांसमोर म्हणायची, "सासू माती मळतेय आणि सून जर्मनला निघाली. तिकडं पण गणपती बसतो काय?" पण मंगळवारी दुपारी नमिता मिनिडोर रिक्षा पकडायला निघाली की टोपलीत डोळ्यांविना मूर्त्या भरून ठेवलेल्या असत, एकाआड एक पेंढा घालून. आणि एकदा नमिताने आडून ऐकलं, बायजाबाई नातीला मांडीवर घेऊन मूर्त्या मोजत होती. "आइन्स. त्स्वाय. द्राय. पुढं काय गो बाय?" "फिअर!" दिपिका ओरडली. "व्हय, फिअर. तुझी आय येडी हाय."

सुजय पोत्याच्या लेबलांमागे अक्षरं उतरवून आणायचा. वाचता येत नव्हती म्हणून तो ती चित्रासारखी काढायचा. ही उभी काठी, हा आकडा, हा पोट सुटलेला. काही अक्षरांच्या डोक्यावर दोन ठिपके असत. ते तो कधी विसरला नाही.

"हे दोन डोळे कशाला?" त्याने पहिल्यांदा विचारलं होतं.

"डोळे असले की अक्षर वेगळं बोलतं," नमिता म्हणाली. तेव्हा तिलाही तेवढंच कळलं होतं.

गणपती गावोगाव गेले, कारखाना रिकामा झाला, आणि एका दुपारी पहिल्या शिफ्टवरून येऊन सुजयने दहावं लेबल तिच्यापुढे ठेवलं.

"ही शेवटची. झाल्या सगळ्या."

नमिताने दहाही लेबलं जमिनीवर ओळीत मांडली, मूर्त्या मांडायची तशीच. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक आकडा होता. एक, दोन, तीन. सहानंतर आठ. मग अकरापर्यंत.

"सात कुठाय?"

"सात नाय."

"एक ते अकरा आणि मधलाच सात नाय?"

"नाय म्हटलं ना. मी चारी बाजूंनी फिरलो. तेरा आकडा वाईट म्हणतात ना तिकडं? यांच्यात सात वाईट असंल."

ती हसली, पण लेबलांच्या ओळीत तिने एका लेबलाएवढी जागा मोकळी ठेवली.

पुढच्या दोन मंगळवारी, शब्द टाकला की इंग्रजीत अर्थ सांगणाऱ्या एका पानावर बसून, तिने दहा पट्ट्या सोडवल्या. पाचवी म्हणत होती, दर महिन्याला तेल घाला. आठवी म्हणत होती, मोटार गरम झाली तर थांबवा. तिसरी एका व्हॉल्वच्या चाकावर होती आणि तिच्यावर एकच जर्मन शब्द होता. हवा सोडणे.

"कधी सोडायची?" नमिताने विचारलं.

"ते मागचं चाक. मुकं चाक म्हणतात त्याला. गंजलंय. कोण हातच लावत नाय."

"पण कधी सोडायची ते कुठंतरी लिवलेलं असणार."

"पट्ट्या संपल्या, नमे." सुजयने लेबलं गोळा केली. त्याचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "तेलाचं कळलं, मोटारीचं कळलं. लय झालं. वाफेचं कुठंच नाय. उद्या परत मीच झाकण उघडणार हाय."

तिने वही मिटली. त्या रात्री जेवताना तिने त्याच्या पानात भाकरी वाढली आणि हात नेमका त्याच्या गुलाबी मनगटापाशी क्षणभर थांबला, एवढंच.

दसऱ्याला कंपनी बंद असायची, पण गेट उघडं. मशीनची पूजा आणि घरच्यांना बोलावणं. नमिता दिपिकाला घेऊन पेणहून एसटीने निघाली. वडखळ, गडब, नागोठणे. दिपिका खिडकीतून दिसणाऱ्या बगळ्यांना जर्मनमध्ये मोजत होती आणि पाचच्या पुढे पुन्हा एकापासून सुरू करत होती.

हंडा तिने पहिल्यांदाच पाहिला. झेंडूच्या माळांत तो शांत वाटत होता. नमिताने एकेका पट्टीवरून बोट फिरवलं. एक. दोन. तीन, मागच्या गंजलेल्या चाकावर. ती नवऱ्याच्या हाताची अक्षरं ओळखत होती, त्यामुळे पितळेवरची अक्षरं तिला सुजयनेच काढल्यासारखी वाटली.

पूजेचं ताट हैबतरावांच्या हातात होतं. कंपनीतला सगळ्यांत जुना ऑपरेटर. नऊ वर्षांपूर्वी हंडा ट्रकमधून उतरला तेव्हा तो उतरवून घेणारे तेच, आणि सुजयला चाकं दाखवणारेही तेच. झाकणाच्या शेजारी, छातीच्या उंचीवर, हंड्याचा देव होता. शेंदूर-कुंकवाचा लाल, जाड गोळा. तेल पिऊन पिऊन चकाकणारा. झाकण उघडण्याआधी प्रत्येक ऑपरेटर त्याला उजवा हात लावायचा आणि तो हात कपाळाला लावून मगच झाकणाला. सुजयनेही लावला होता. त्या दिवशीसुद्धा.

हैबतरावांनी बोट कुंकवात बुडवलं.

नमिता देवाकडे बघत होती. थरावर थर चढलेला रंग तिला कळायचा. खाली माती असली तर रंग कसा बसतो, लाकूड असलं तर कसा, हे तिची बोटं सांगू शकत. हा गोळा वरून गोल होता, पण बुडाशी त्याची कड सरळ होती. चारी बाजूंनी सरळ. आणि डाव्या कोपऱ्यात शेंदराला एक बारीक टेंगूळ आलं होतं, खिळ्याच्या डोक्याएवढं.

"काका," ती म्हणाली, "हा देव कुणी बसवला?"

"बसवला नाय. जागा होतीच." हैबतरावांनी बोट तसंच वर धरलं होतं. "हंडा आला तवा पहिला टिळा मी लावला. झाकणाच्या बाजूला चौकोनी, गुळगुळीत, पितळेची जागा. म्हटलं, कुंकवासाठीच सोडलेली दिसतेय."

"त्यावर काय लिवलेलं होतं?"

"असंल. वाचतंय कोण?"

सुजयने मान वर केली. त्याने नमिताकडे पाहिलं, मग त्या टेंगळाकडे. तो हळूच म्हणाला, "ही तर देवाची जागा. मी पट्ट्यांत धरलीच नाय."

"मला हे पुसू द्या," नमिता म्हणाली.

ताटातली घंटा कुणाच्या तरी हातून वाजली आणि थांबली. मॅनेजरसाहेब पुढे आले. "आज नको, बाई. सणाचा दिवस आहे. लोकांच्या मनाला लागेल. आपण नंतर बघू."

"नंतर म्हणजे उद्या सकाळी झाकण आमचे हेच उघडतील, साहेब."

"नमे, राहू दे," सुजय म्हणाला.

हैबतरावांचा आवाज चढला नाही, पण तो सगळ्यांना ऐकू गेला. "देवाला हात लावणार तू, पोरी?"

नमिताने दिपिकाला खाली उतरवलं. "काका, वर्षाला हजारभर गणपतींचे डोळे उघडते मी. देवाला हात लावायचंच काम हाय माझं. मोडत नाय काय. शेंदराखाली डोळे बुजलेत त्याचे, तेवढे मोकळे करते."

हैबतरावांची नजर सुजयच्या हातावर गेली. बाही कोपराशी दुमडलेली होती. त्यांनी कुंकवाचं बोट धोतराला पुसलं, ताटातली तेलाची वाटी उचलली आणि तिच्यापुढे धरली.

नमिताने आधी तेल जिरू दिलं. मग ताटातली कोरडी वात घेऊन गोल गोल फिरवत वरचे थर सैल केले. लाल, त्याखाली काळपट लाल, त्याखाली नारिंगी. नऊ दसरे. केसांतला आकडा काढून तिने कडा मोकळ्या केल्या. अक्षरं सापडतील. पण इथे हितेशचा कॉम्प्युटर नव्हता, अर्थ सांगणारं पान नव्हतं. आपल्याला जे येतं तेवढंच.

पितळ चमकलं. कोपऱ्यातून एक आकडा वर आला.

"सात," सुजय म्हणाला. तो आता तिच्या खांद्यापाशी होता.

तिने शेवटची ओळ पदराने पुसली आणि वाचलं. आधी मनात, मग मोठ्याने, सावकाश, त्या बाईच्या आवाजात ऐकल्यासारखं.

"फोर देम ओफ्नेन, व्हेंटील द्राय ओफ्नेन. वार्टेन, बिस त्सायगर आउफ नुल."

नमिताला पत्ते पिसावेत तसे धडे दिसत होते. उघडणे, दुसऱ्या धड्यात, कुणीतरी खिडकी उघडत होतं. आधी, चौदाव्यात, जेवणाआधी हात धुताना. वाट बघणे, नववा, बस. शून्य तर दिपिकालाही येत होता. व्हॉल्वचा शब्द पट्ट्यांवर भेटलाच होता. एकच शब्द नवा. पण सतराव्या धड्यात एक माणूस म्हणायचा, मला दाखवा. तो शब्द याच्याच घरातला वाटत होता. दाखवणारा. हंड्यावर दाखवणारं काय असतं? तिने वर पाहिलं. तबकडीवरचा काटा.

"झाकण उघडण्याआधी," ती मराठीत म्हणाली, "तीन नंबरचा व्हॉल्व उघडा. मग थांबा. काटा शून्यावर येईपर्यंत."

सुजयने तबकडीवर बोट टेकवलं.

"काटा बिघडलेला नव्हता," सुजय म्हणाला. मग पुन्हा, मॅनेजरसाहेबांकडे वळून, "साहेब, काटा बिघडलेला नव्हता. आत वाफ आहे हेच सांगत होता तो."

मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढला, पट्टीजवळ वाकले, जणू त्यांनाही आता ती वाचता येणार होती. "तीन नंबर," ते म्हणाले, "मागचं चाक."

हैबतराव हंड्याला टेकून खाली बसले होते. "नऊ वर्षं," ते म्हणाले. "मीच बुजवलं. दरवर्षी. माझ्या हातानं."

नमिता त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "काका, झाकणाला हात घालण्याआधी इथं थांबायला सगळ्यांना तुम्हीच शिकवलंत. थांबायची जागा बरोबर धरली होती तुम्ही. फक्त किती वेळ थांबायचं, ते खाली राहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी मुकं चाक तेल आणि पान्याने मोकळं व्हायला अर्धी शिफ्ट गेली. नमिता कारखान्यात पुढच्या वर्षीचे साचे धूत होती, पण एकच साचा तिने तीनदा धुतला. बायजाबाईने तो हातातून घेतला आणि बाजूला ठेवला.

चारनंतर सुजय आला. सायकल भिंतीला न लावता सोडली, ती पडली. त्याने दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या आणि हात पुढे धरले. एक जुना गुलाबी, एक धड. नवं काही नाही.

"चाक फिरवलं तर मागच्या नळीनं असा सुस्कारा सोडला त्यानं," तो म्हणाला. "पाच मिनिटं. काटा उतरत गेला, उतरत गेला. मी झाकण उघडलं. गार! आत हात घालून बघितला, नमे. मुद्दाम." मग त्याने दिपिकाला उचललं. "कितीवर आला गो काटा? सांग?"

"नुल!" दिपिका ओरडली.

"नुल," बायजाबाई पण म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावता लावता मातीचा हात गालाला लागला.

मेमो मॅनेजरसाहेबांनी स्वतः फाडला. भाजलेल्या तिघांच्या कागदांवर त्यांनी नवं लिहिलं आणि तिघांनाही वाचून दाखवलं. आणि सुजयकडे निरोप दिला, अकराही पट्ट्या मराठीत हव्यात, मोठ्या अक्षरांत, पेणचा कोणी पेंटर आहे का?

"हाय," सुजयने तिथेच सांगितलं. "आमच्या घरात."

नमिताने अकरा पत्रे कापून घेतले. अकरांना आधी पिवळं. मग अकरांना काळी कड. मग अक्षरं. हितेश एका मंगळवारी हमरापूरला येऊन बघून गेला. "वहिनी, दुसरा धडा कधी पुरा करणार?" त्याने विचारलं. "आता डोळ्यांना घेते," ती म्हणाली.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी पट्ट्या हंड्यावर चढल्या, प्रत्येक पितळी पट्टीच्या शेजारी तिची मराठी. सातवी झाकणाच्या बाजूला, छातीच्या उंचीवर. हैबतराव ताट घेऊन पुढे आले आणि थबकले. सातव्या पत्र्यावर, शेवटच्या ओळीच्या खाली, रुपयाएवढं एक गोल काळ्या रेघेने आखलेलं होतं. आत काहीच नव्हतं.

"हे रिकामं कशाला सोडलंस?"

"तुमच्यासाठी, काका. कुंकवासाठी."

त्यांनी कुंकवात बोट बुडवलं, पण लावलं नाही.

"आधी त्याच्या बोलीत वाच," ते म्हणाले. "नऊ वर्षं बिचारा सांगत होता."

नमिताने पितळेवरची ओळ वाचली. या वेळी तिला बोट फिरवावं लागलं नाही. शेवटच्या शब्दाला दिपिकानेही सूर मिसळला. हैबतरावांनी बोट नेमकं गोलाच्या मध्ये टेकवलं, हलकेच फिरवलं, आणि काढून घेतलं. कुंकू रेघेच्या आतच राहिलं. एकाही अक्षराला लागलं नाही.

नमिता सवयीने दोन पावलं मागे सरली.